क्रेनचा हात कोण धरतो?

कवीला रेडिओवर बोलावलं की तो चार कविता वाचणार आणि जाणार, अशी एक समजूत असते. आज मी कविता वाचणार नाही. आज क्रेनबद्दल बोलणार आहे. त्यातही क्रेनच्या एका अशा भागाबद्दल, जो रस्त्यावरून जाणाऱ्याला सहसा दिसत नाही आणि दिसला तरी लोखंडाचा एक ओबडधोबड ठोकळा यापलीकडे त्यात काही वाटत नाही.

मी बी. ए. झालो तो मराठी घेऊन. नोकरी मिळाली ती मात्र एका सरकारी यांत्रिकी कार्यशाळेत, भांडारात. पहिल्याच आठवड्यात माझ्या हातात सुट्या भागांची यादी आली. स्पूल, पॉपेट, रिलीफ, लॉक व्हॉल्व्ह, सील किट, ओ-रिंग. जन्मात न ऐकलेले शब्द. मी ते सुवाच्य अक्षरात रजिस्टरवर उतरवून घेत असे, आणि अर्थ न कळता शब्द उतरवून घेण्याचं पाप कवीनं करू नये, एवढंही मला तेव्हा कळत नव्हतं.

क्रेन या वस्तूला आपल्या मराठीत एक जुना, छान शब्द आहे. यारी. विहीर खोदताना खालचा दगड-मुरूम वर काढायला जी यंत्रणा लावतात, तिला आजही गावाकडं यारीच म्हणतात. आमच्या घरात बोलली जाते ती दखनी. तिच्यात यारी म्हणजे दोस्ती. त्यामुळं लहानपणी 'पाटलांच्या विहिरीवर यारी आली' असं कुणी सांगितलं, की मला वाटायचं, कुणाचा तरी जिवाभावाचा मित्र आला असणार! पुढं दोन्ही अर्थ कळले तरी माझ्या मनात ते एकमेकांना चिकटून राहिले ते राहिलेच.

विहिरीवरच्या यारीचं सगळं उघड असतं. दोर दिसतो, कप्पी दिसते, ड्रम फिरताना दिसतो. कोण कुणाला ओढतंय, हे शेंबड्या पोरालाही सांगता येतं. पण आता रस्त्यावर, बांधकामावर, गणपती विसर्जनाच्या घाटावर जी क्रेन दिसते ती वेगळी. पिवळी, चार चाकांची, पुढं लांब सोंड काढून वजन उचलून तशीच चालत जाणारी. तिला सगळे 'हायड्रा' म्हणतात. मुळात ते एका कंपनीच्या मॉडेलचं नाव, ते सगळ्या जातीलाच चिकटलं. फ्रान्समधल्या पोक्लेन कंपनीचं नाव आपण 'पोकलेन' करून प्रत्येक खोदाई यंत्राला दिलं आणि इंग्लंडच्या जेसीबीचं नाव तर लग्नाच्या वरातीपर्यंत नेलं, त्यातलाच हा प्रकार. तर या हायड्राची सोंड, म्हणजे बूम, वर जाते तेव्हा तिला ओढणारा दोर कुठंच दिसत नाही. तिच्या पोटाखाली दोन चकचकीत दांडे तेवढे हळूहळू बाहेर येतात. ते जॅक. कागदावर त्यांना सिलिंडर म्हणतात, कार्यशाळेत जॅक. आणि त्या जॅकमध्ये असतं तेल.

तेलानं वजन उचललं जातं, हे मला बरेच दिवस पटत नव्हतं. ते पटवलं आमच्या आप्पांनी. आप्पा कार्यशाळेतले वयस्कर मेकॅनिक. शिक्षण सातवी. मला ते 'शायर' म्हणत, थोडं कौतुकानं, थोडं चेष्टेनं. ते म्हणाले, ''शायर, पाण्यानं गच्च भरलेल्या बाटलीवर बूच मारलंय कधी? बुचावर बुक्की मारली तर बाटलीचा बूड फुटतो. बुक्की वर मारली, फुटलं खाली. का?''

या 'का'चं उत्तर पास्कल नावाच्या फ्रेंच माणसानं दिलं. त्याचा ग्रंथ तो वारल्यावर 1663 साली छापला गेला. कोंडलेल्या द्रवावर एका जागी दाब दिला की तो दाब सगळीकडे सारखाच पोचतो, एवढीच गोष्ट. पण 'सारखाच' या शब्दात सगळी गंमत आहे. दाब सारखा म्हणजे प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर सारखा. मग ज्याच्याकडं चौरस सेंटिमीटर जास्त, त्याच्याकडं ताकद जास्त. जॅकमधला दट्ट्या दहा सेंटिमीटर व्यासाचा धरा. त्याचं क्षेत्रफळ होतं साधारण 78 चौरस सेंटिमीटर. तेलाचा दाब प्रत्येक चौरस सेंटिमीटरला 150 किलो असेल, तर त्या दट्ट्याला मिळणारा रेटा होतो पावणेबारा टन! मोटारीच्या टायरमध्ये हा आकडा दोनच्या आसपास असतो, हे सांगितलं म्हणजे 150 म्हणजे काय ते कळेल. मोठ्या पोकलेनमध्ये तो साडेतीनशेच्या घरात जातो.

हे तत्त्व वापरून इंग्लंडमध्ये ब्रामा यानं 1795 साली दाबयंत्राचं पेटंट घेतलं, आणि 1846 मध्ये न्यूकॅसलच्या धक्क्यावर आर्मस्ट्राँगनं शहराच्या नळाच्या पाण्यावर चालणारी क्रेन उभी केली. हा आर्मस्ट्राँग पेशानं वकील होता. हे वाचल्यावर मला, बी. ए. मराठीला, जरा धीर आला. पुढं पाण्याची जागा तेलानं घेतली. तेलानं लोखंड गंजत नाही आणि आतल्या हलत्या भागांना वंगणही मिळतं.

आता एक गैरसमज दूर करायला हवा. क्रेनच्या इंजिनाला जोडलेला पंप दाब तयार करतो, असं आपल्याला वाटतं. पंप फक्त तेल ढकलतो, मिनिटाला अमुक इतके लिटर. त्या तेलाला वाट मोकळी असेल, तर दाब जवळपास नसतोच. वाटेत ओझं आडवं आलं की दाब वाढतो. रिकाम्या हुकाला कमी दाब, एक टनाला जास्त, दोन टनांना त्याहून जास्त. आप्पा म्हणायचे, ''दाब पंपात नसतो, तो वजनात असतो.'' तेलाचं प्रमाण ठरवतं ते वेग. मिनिटाला 60 लिटर तेल आपल्या दहा सेंटिमीटरच्या एका जॅकमध्ये गेलं, तर दट्ट्या सेकंदाला बारा-तेरा सेंटिमीटर सरकणार. त्याहून वेगानं नाही.

आणि बूम म्हणजे तरफ. तिची बिजागरी मागं, हूक लांब पुढं आणि जॅक जोडलेला बिजागरीच्या जवळ. जॅक दीड मीटरवर आणि हूक सहा मीटरवर असेल, तर टोकाच्या एका टनासाठी जॅकला निदान चार टन रेटा द्यावा लागतो. जॅक तिरका असल्यानं आणि बूमचं स्वतःचं वजन असल्यानं प्रत्यक्षात त्याहूनही जास्त. त्याचा मोबदला असा, की जॅक वीतभर सरकला तर बूमचं टोक निदान दोन हात वर जातं. पण वीतभराची चूकही टोकाला दोन हात होते.

मग ही वीत मोजतं कोण? चालकाच्या हाताशी चार-पाच लिव्हर असतात. त्या लिव्हरच्या खाली आपला तो ठोकळा. त्याचं नाव कंट्रोल व्हॉल्व्ह. कार्यशाळेत कुणी 'व्हॉल्व्ह' म्हणत नाही, सगळे 'वॉल' म्हणतात.

आप्पांनी एक भंगारातला वॉल व्हाइसमध्ये धरून मला तो उघडून दाखवला. ओतीव लोखंडाचा ठोकळा, त्यात आरपार भोकं. प्रत्येक भोकात एक दांडी. या दांडीला स्पूल म्हणतात. दांडी सरळ नसते. काही ठिकाणी जाड, काही ठिकाणी बारीक, लाटलेल्या पोळपाटाच्या पायासारखी कमावलेली. जाड भाग भोकाच्या भिंतीला लागून बसतो आणि तिथली वाट बंद करतो. बारीक भागाभोवतून तेल जातं. ठोकळ्यात चार वाटा: पंपाकडून येणारी, टाकीकडं जाणारी, जॅकच्या खालच्या बाजूला जाणारी आणि वरच्या बाजूला जाणारी.

लिव्हर मध्यावर असते तेव्हा दोन्ही बाजूंच्या स्प्रिंगा स्पूलला मधोमध धरून ठेवतात. जॅककडं जाणाऱ्या दोन्ही वाटा बंद. पंपाचं तेल ठोकळ्याच्या मधल्या वाटेनं आरामात टाकीत परत. इंजिन चालू आहे, पंप फिरतोय, तेल वाहतंय, पण काम काहीच नाही. सरकारी नोकरीत असल्यामुळं ही अवस्था मला चटकन समजली.

लिव्हर मागं ओढली की स्पूल सरकतो. मधली वाट बंद होत जाते, पंपाची वाट जॅकच्या खालच्या बाजूला जोडली जाते आणि त्याच वेळी वरच्या बाजूची वाट टाकीला. खालून तेल शिरतं, वरून निघतं, दट्ट्या बाहेर, बूम वर. लिव्हर पुढं लोटली की सगळं उलटं. हाताच्या बोटभर हालचालीत ही अदलाबदल होते. स्पूल स्वतः वजन उचलत नाही, तो तेलाला वाट सांगतो. म्हणून बारा टनांचा रेटा एका मनगटाच्या ताब्यात राहतो. मोठ्या यंत्रात मनगटालाही तेवढं जड जातं, म्हणून तिथं जॉयस्टिक असते. ती एक छोटा वॉल हलवते, त्यातलं कमी दाबाचं तेल मोठा स्पूल ढकलतं. नव्या यंत्रांत तर हे काम वीज करते.

चांगला चालक लिव्हर अर्धीच ओढतो. हे मला फार आवडलेलं प्रकरण. स्पूलच्या जाड भागाच्या कडेला बारीक खाचा कोरलेल्या असतात. स्पूल थोडाच सरकला की फक्त खाचेतून तेल झिरपावं तसं जातं आणि बूम मुंगीच्या पावलानं उठते. आणखी सरकवला की खाच रुंदावते, बूम चालू लागते. शिकाऊ पोरगा लिव्हर खाडकन ओढतो, बूम झटक्यानं उठते, हुकाचं वजन झोके खाऊ लागतं. त्यातून माणसं चिरडली गेली आहेत. जुना चालक लिव्हरवर हात ठेवतो तो तबल्याच्या डग्ग्यावर ठेवल्यासारखा. अर्थात अर्ध्या वाटेनं तेल नेलं की बाकीची ताकद घर्षणात जाते आणि तेल तापतं. तापलेलं तेल पातळ होतं आणि गळतं. बारीक कामाची ही किंमत असते.

स्पूल आणि भोक यांच्यात फट किती? काही मायक्रॉन. आपला केस साधारण 70 मायक्रॉन जाड असतो, ही फट त्याच्या कितीतरी पट कमी. म्हणून घाण ही वॉलची वैरी. तेलाचा डबा उघडा राहिला, कुणी धुळीच्या हातानं फनेल लावलं, की ती धूळ आत जाऊन स्पूल अडकवते किंवा ओरखडते. कार्यशाळेत येणारे बहुतेक बिघाड या एका कारणानं यायचे. आणि अडकलेला स्पूल म्हणजे लिव्हर सोडली तरी न थांबणारी बूम.

पण कितीही बारीक असली तरी ती फट असतेच. धातूवर धातू सरकायचा तर फट हवी. याचा अर्थ असा, की स्पूल तेलाला पूर्ण कधीच अडवू शकत नाही. वजन टांगून, लिव्हर मध्यावर ठेवून क्रेन उभी ठेवली, तर त्या फटीतून तेल थेंबाथेंबानं सरकतं आणि बूम नकळत खाली येते. मुख्य मुद्दा इथं येतो. पण त्याआधी एका भल्या रक्षकाची ओळख करून देतो.

तुमच्या घरी कुकर आहे. आत वाफ वाढली की शिट्टी उचलली जाते. कंट्रोल वॉलमध्येही अशी एक शिट्टी असते, रिलीफ वॉल. जाड स्प्रिंग आणि तिनं दाबून धरलेला एक शंकू. ठरलेल्या दाबाच्या वर तेल गेलं की शंकू उचलला जातो आणि तेल टाकीकडं वळतं. तेव्हा इंजिनाचा आवाज बदलतो, ते कण्हल्यासारखं वाटतं. क्रेन सांगत असते, हे माझ्यानं होणार नाही. या रिलीफला एक स्क्रू असतो. तो पिळला की स्प्रिंग घट्ट होते आणि क्रेन जास्त वजन उचलू लागते. ही युक्ती सगळ्यांना माहीत असते. कुकरच्या शिट्टीवर वरवंटा ठेवण्यातलाच हा प्रकार. शिवाय रिलीफ राखतो तो होजला, जॅकला आणि पंपाला. क्रेन उलटण्यापासून तो वाचवेलच असं नाही. बूम लांब काढली, तर रिलीफ उघडण्याच्या आधीच क्रेन तोंडावर पडू शकते. त्यासाठी किती लांबीला किती वजन याचा तक्ता केबिनमध्ये लावलेला असतो. मी पाहिलेल्या निम्म्या केबिनमध्ये त्या तक्त्यावर देवाचा फोटो किंवा 786 चं स्टिकर चिकटवलेलं होतं. देवाला आणि आकड्याला दोघांनाही माझा आदर आहे, पण जागा तेवढी चुकली.

आता लॉक वॉल. यादीत 'लॉक व्हॉल्व्ह, बूम सिलिंडर, नग 2' असं लिहिलेलं असायचं. हा वॉल लिव्हरखाली नसतो. तो थेट जॅकच्या अंगाला, बुडाशी बोल्टनं बसवलेला असतो. मध्ये रबरी होज नाही, काही नाही. जॅकमध्ये तेल जाताना तो सरळ उघडतो, आडकाठी करत नाही. बाहेर येताना मात्र तो बंद. इथं स्पूल नसतो, शंकू आपल्या बैठकीवर दाबून बसतो, म्हणून गळत नाही. मग बूम खाली कशी आणायची? चालक लिव्हर पुढं लोटतो, पंपाचं तेल जॅकच्या वरच्या बाजूला जातं. त्या वाटेवरून एक बारीक बोळ लॉक वॉलकडं जातो. वरच्या तेलाचा दाब त्या बोळातून येऊन शंकूला मागं सारतो, तेव्हा कुठं खालचं तेल बाहेर पडतं. म्हणजे खाली यायलाही परवानगी लागते. वजनानं घाई केली, बूम पंपापेक्षा वेगानं पडू लागली, तर वरच्या बाजूला तेल पुरत नाही, तिथला दाब पडतो, परवानगी मागं घेतली जाते आणि शंकू मिटतो. वजन स्वतःच्या मर्जीनं नाही, पंपाच्या चालीनं उतरतं. आणि होज फुटला तरी जॅकमधलं तेल जॅकमध्येच कोंडलेलं. बूम आहे तिथं थांबते.

मला हे सगळं कळलं ते 1998 नंतर. त्या साली उन्हाळ्यात आमच्या एका क्रेनची बूम खाली येताना उड्या मारू लागली. लॉक वॉलच्या बैठकीवर घाण गेली होती. नवा वॉल हवा अशी मागणी माझ्याकडं आली. मार्च नुकताच संपला होता, निधी यायचा होता. मी यादी पाहिली. टायर, बॅटऱ्या, पंपाचं सील. हे नसेल तर क्रेन चालत नाही, एवढं मला कळायचं. लॉक वॉल नसेल तरी क्रेन चालते, उलट जरा गुळगुळीत चालते. मी त्या ओळीपुढं 'तातडीचे नाही' असं लिहिलं. माझ्या सुवाच्य अक्षरात.

काम अडू नये म्हणून साइटवर कुणीतरी वॉल काढून तिथं सरळ पाइप जोडला. पाचव्या आठवड्यात कालव्याचा दरवाजा टांगलेला असताना होज फुटला. एक मदतनीस दरवाजाखाली लाकडी ठोकळा सरकवत होता. त्याची उजव्या हाताची तीन बोटं गेली. चौकशीत 'होज जुना असल्याने' असं लिहून आलं. ते खोटं नव्हतं. माझी ओळ कुणी पाहिली नाही.

आप्पांनी पाहिली होती. मी त्यांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, ''तुमचा दोष नाही शायर. तुम्हाला तो वॉल काय करतो हेच ठाऊक नव्हतं.'' त्यांनी हे मला बरं वाटावं म्हणूनच म्हटलं होतं. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी भंगारातला वॉल घेऊन त्यांच्यासमोर बसलो. मघाशी सांगितलेला व्हाइसमधला प्रसंग तो हाच. पुढं जवळजवळ वर्षभर जेवणाच्या सुट्टीत आमची ही शाळा चालली.

तो मदतनीस पुढं त्याच कार्यशाळेत पहारेकरी झाला. डाव्या हातानं सही करायला शिकला. मी एकदा त्याला ती ओळ माझी होती असं सांगितलं. तो थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, ''भाई, नवा वॉल आला का मग?'' आला होता. दोन नग. मी त्याला तो क्रेनवर नेऊन दाखवला. त्यानं त्यावर डावा हात ठेवला आणि विचारलं, ''एवढासाच?''

वेळ संपत आली, तेव्हा कामाच्या दोन गोष्टी. तुमच्या घराशी, विहिरीवर, मंडपात हायड्रा आली, तर चालकाला ओशाळवाणं न करता दोन्ही जॅकच्या बुडाशी पाहा. तिथं मुठीएवढा चौकोनी ठोकळा दिसला पाहिजे. तिथं होज थेट जॅकमध्ये शिरताना दिसला, तर त्याला विचारा, लॉक वॉल कुठं आहे? तो आत बसवलेला असेल तर चालक सांगेल. सांगता आलं नाही, तर बूमखाली पोरंबाळं उभी करू नका. खरं तर वॉल असला तरी उभं राहू नका. आणि होजमधून सुईसारखी तेलाची चिळकांडी उडत असेल तर तिच्यावर बोट ठेवू नका. दीडशे-दोनशेच्या दाबाचं तेल कातडीतून आत शिरतं. वरून टाचणी टोचल्याएवढी खूण दिसते, आतून हात सडतो. गळती शोधायची तर पुठ्ठा धरा, तोही लांबून. आणि तेल आत गेलंच, तर दुखत नसलं तरी त्याच तासाला दवाखाना गाठा, आणि डॉक्टरांना 'टोचलं' असं सांगू नका, 'दाबाचं तेल आत गेलंय' असं सांगा.